कंपनीत निनावी पत्र आलंय आणि साहेबांना आधी अक्षर ओळखायचंय

तगरफूल (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली. मी चाकणकडे एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एचआर बघते. नाव विचारू नका. घरची कंपनी आहे, पर्मनंट, ट्रेनी आणि ठेकेदाराची मुलं धरून तीनशेच्या आसपास माणसं. परवा एमडींच्या नावाने साध्या पोस्टाने पत्र आलं. वहीचा फाडलेला कागद, निळं पेन, खाली सही नाही. मजकूर असा की भंगाराच्या गाडीत गोलमाल चालू आहे. रिकामी गाडी काट्यावर घेतात तेव्हा केबिनमधे चार माणसं बसवतात आणि मागे पाण्याचे भरलेले ड्रम ठेवतात, माल भरून परत काट्यावर आली की माणसं उतरलेली आणि ड्रम रिकामे. म्हणजे मालाचं वजन कागदावर कमी. वर लोखंडाची चिप आणि तिच्याखाली पितळेची चिप (आमच्याकडे पितळेचे बुश बनतात). दोन तारखा दिल्यात, गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे दिलेत आणि स्टोअर्सच्या मोठ्या साहेबांचं नाव घेतलंय.

एमडींनी मला केबिनमधे बोलावलं, पत्र पुढे टाकलं आणि म्हणाले, सगळ्यांचे रजेचे अर्ज काढा आणि अक्षर जुळवा. मी हो म्हणून बाहेर आले, अर्ज अजून काढलेले नाहीत. मी हळूच म्हणून बघितलं की व्हिसलब्लोअर पॉलिसी (गैरप्रकाराची खबर देणाऱ्याला संरक्षण) वगैरे असते, तर म्हणाले ते लिस्टेड कंपन्यांचे चोचले, आपल्याला लागू नाही. खरंच नाही का? आणि असं पत्र आल्यावर नेमकं करायचं काय? अनुभवी लोकांनी सांगा, उपदेश कमी आणि कामाचं जास्त.

झणझणीत_तर्री
अक्षर जुळवायला डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन वाचणारा मेडिकलवाला बोलवा. बाकी वाचतोय.

जुना_ऑडिटर
ताई, सगळ्यात आधी कॅमेरा. काट्याजवळचं आणि गेटवरचं रेकॉर्डिंग आजच्या आज कॉपी करून ठेवा, कारण बहुतेक ठिकाणी पंधरा दिवस ते महिनाभरात जुनं आपोआप पुसलं जातं आणि पत्रातल्या तारखा किती जुन्या आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीये. मूळ पत्र पाकिटासकट बंद करून ठेवा, पोस्टाचा शिक्का उपयोगी पडतो. झेरॉक्सवर काम करा.

आता महत्त्वाचं. हे प्रकरण कोणालाही एक प्रश्न न विचारता कागदावर अर्धं उघडं पडतं. एकाच गाडीचं रिकामं वजन दर फेरीला जवळपास तेच यायला पाहिजे, डिझेलचा काय तो फरक. त्या गाडीच्या वर्षभराच्या काटा पावत्या तारखेप्रमाणे लावा. एरवी ४२०० किलो आणि काही ठराविक दिवशी ४६०० येत असेल तर त्या दिवशी काट्यावर कोण होतं आणि गेटवर कोण होतं एवढंच बघायचं. आरसी बुकातही रिकाम्या गाडीचं वजन असतं, ते शेजारी लिहा. दुसरं गणित मालाचं. समजा २.४ किलोच्या तुकड्यातून १.५ किलोचा नग निघतो, तर नगामागे ९०० ग्रॅम भंगार निघालंच पाहिजे. महिन्याचे नग गुणिले ९०० ग्रॅम, आणि समोर विकलेल्या भंगाराची बेरीज. चिपला कूलंट लागलेलं असतं म्हणजे वजन उलट थोडं जास्तच भरायला हवं. भरत नसेल तर पत्र लिहिणाऱ्याला काय हवंय, तो कोण आहे, याच्याशी आपल्याला काय करायचंय?

आणि कृपा करून ते पत्र स्टोअर्सच्या साहेबांकडे ‘आपला अभिप्राय द्यावा’ म्हणून पाठवू नका. हसू नका लोकहो, नोकरीत असताना मी हे इतक्या वेळा बघितलंय की आता राग पण येत नाही. ज्याच्याबद्दल तक्रार त्याच्याच टेबलावर, वर ‘उचित कार्यवाहीसाठी’ असा शेरा.

काळा_कोट
एमडींना एक प्रश्न विचारा. बँकेचं कर्ज किती आहे?

कंपनी कायदा २०१३, कलम १७७ चं पोटकलम ९. लिस्टेड कंपन्यांना ‘व्हिजिल मेकॅनिझम’, म्हणजे गैरप्रकार कळवायची ठरलेली सोय, लागतंच, पण ते तिथेच थांबत नाही. लोकांकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींच्या वर कर्ज उचललेल्या कंपन्या, यांनाही लागतं. प्रायव्हेट लिमिटेड असली तरी. ऑडिट कमिटी नसेल तर संचालक मंडळाने एका संचालकाला त्या कामासाठी नेमायचं, आणि कर्मचाऱ्याला थेट त्याच्यापर्यंत जाता आलं पाहिजे. तक्रार करणाऱ्याला त्रास होणार नाही याची सोय त्यातच लिहिलेली हवी. वेबसाइट असेल तर तिथे आणि बोर्डाच्या अहवालात ते जाहीर करायचं.

दुसरी गंमत म्हणजे २०२० च्या कारोप्रमाणे, म्हणजे ऑडिटरच्या अहवालाच्या आदेशाप्रमाणे, वर्षभरात आलेल्या व्हिसलब्लोअर तक्रारी ऑडिटरने विचारात घेतल्या का हे त्याला अहवालात लिहावं लागतं. म्हणजे पत्र ड्रॉवरमधे ठेवलं आणि ऑडिटरला कळवलं नाही, तर उद्या ते बाहेर आल्यावर अडचण चोरापेक्षा एमडींची मोठी होते. हे त्यांना नीट समजावून सांगा, त्या भाषेत लगेच कळतं.

तगरफूल
बापरे. सीएंना फोन केला. टर्म लोन आणि कॅश क्रेडिट मिळून आकडा ५० च्या बऱ्यापैकी वर आहे म्हणे, नवीन शेड बांधली तेव्हापासून. म्हणजे आम्हाला लागू आहे आणि आमच्याकडे काहीच नाही. रेकॉर्डिंग आयटीच्या मुलाकडून घेतलं, सेफ्टीसाठी पाहिजे असं सांगितलं. दोनपैकी एक तारीख मिळाली, दुसरी पुसली गेलीये.

शिरोली_फौंड्री
आता जरा मालकाची बाजू पण ऐका की. माझी लहान फौंड्री हाय, शंभरच्या आत माणसं. निनावी पत्र म्हंजे आमच्याकडं दिवाळीच्या बोनसच्या आधी हमखास. कोण कुणाच्या बढतीवर जळतंय, कुणाचं युनियनचं राजकारण. एकदा आमच्या मेल्टिंगच्या सुपरवायझरवर पत्र आलं, फेरो सिलिकॉनची पोती विकतो म्हणून. मी चिडून सगळ्यांसमोर विचारलं त्याला. काही निघालं नाही, पण तो माणूस सहा म्हैन्यात सोडून गेला आणि तसा मेल्टर परत गावला नाही मला. त्याची भरपाई कोण करणार? ज्याच्यात सही करायची हिंमत नाही त्याचं कागुद फाडून टाकायचं, असं माझं मत.

जुना_ऑडिटर
दादा, तुमच्याच गोष्टीत उत्तर आहे बघा. तुमचं नुकसान पत्राने नाही केलं, सगळ्यांसमोर विचारल्याने केलं. स्टॉक मोजला असता गुपचूप तर त्याला पत्ता पण लागला नसता आणि तुमचा मेल्टर आज तुमच्याकडे असता.

शिरोली_फौंड्री
हे मात्र खरं बोललासा.

काळा_कोट
फौंड्रीवाल्यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, उडवून लावू नका. कायद्यातही फालतू तक्रारी वारंवार करणाऱ्यावर कारवाईची तरतूद आहे. पण ‘वारंवार’ आणि ‘फालतू’ हे शब्द बघा. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती असं होत नाही. पुष्कळ पॉलिसी मी वाचल्यात ज्यात पहिल्या पानावर संरक्षणाची एक ओळ आणि पुढची दीड पानं खोट्या तक्रारीला काय शिक्षा होईल त्यावर. असली पॉलिसी वाचून कोण पुढे येणार?

पाटबंधारे_निवृत्त
नाव लिहिलं तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. विजय पांढरे, जलसंपदा खात्यात मुख्य अभियंता, नाशिकला मेटात, म्हणजे अभियंत्यांच्या प्रशिक्षण संस्थेत. २०१२ साली मुख्यमंत्र्यांना आणि राज्यपालांना सहीनिशी पत्र लिहिलं सिंचन प्रकल्पांच्या कामाबद्दल. माणूस सेवेत, पद मोठं, सही खाली. पुढे श्वेतपत्रिका, चितळे समिती वगैरे सगळं झालं, पण त्या काळात खात्यातल्या चहाच्या टेबलावर मी जे ऐकलं त्यात पत्रातल्या आकड्यांपेक्षा ‘पांढरे असं का करतायत, त्यांना काय पाहिजे’ हीच चर्चा जास्त. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमधे उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात

संपादक मंडळ
राजकीय चर्चेसाठी वेगळा विभाग आहे. वरील प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. धागा कामाच्या ठिकाणच्या तक्रारींपुरता ठेवावा.

झणझणीत_तर्री
तक्रारींच्या धाग्यावर पत्राचा उरलेला भाग गायब. वा.

वाळूचा_किल्ला
नाव फुटणं म्हटलं की मला सत्येंद्र दुबे आठवतात. आयआयटी कानपूरचे सिव्हिल इंजिनिअर, महामार्ग प्राधिकरणात सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर. २००२ साली त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, कामात चाललेल्या गैरव्यवहाराबद्दल, आणि त्याच पत्रात स्पष्ट विनंती केली की माझं नाव गुप्त ठेवा. ते पत्र नावासकट या खात्यातून त्या खात्यात फिरलं, ज्यांच्या कामाबद्दल लिहिलं होतं तिथपर्यंत. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत पहाटे त्यांना गोळ्या घातल्या. सीबीआयने तो लुटीचा प्रकार असल्याचं सांगितलं, घरच्यांना ते कधीच पटलं नाही. ते बाजूला ठेवलं तरी गुप्त ठेवा असं लिहिलेल्या पत्राला टाचण लावून पुढे पाठवणाऱ्या प्रत्येक टेबलाने काय केलं हे तर उघड आहे ना. दोन वर्षांनी लखीमपूर खेरीत इंडियन ऑइलचे मंजुनाथ षण्मुगम, आयआयएम लखनौचे, पंपावरची भेसळ पकडली म्हणून मारले गेले.

दुबेंच्या खुनानंतर गदारोळ झाला आणि एप्रिल २००४ मधे सरकारने ठराव केला, ज्याला पीआयडीपीआय म्हणतात. केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात तक्रार द्यायची, पाकिटावर पीआयडीपीआय लिहायचं, नाव आत, आणि आयोग नाव बाहेर जाऊ देत नाही. ते फक्त केंद्र सरकार आणि त्याच्या कंपन्या-बँकांपुरतं. नंतर २०१४ ला संसदेने आख्खा कायदा केला जागल्यांच्या संरक्षणाचा, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो आजपर्यंत अंमलात आणलेला नाही. आणला असता तरी तगरफूल यांना उपयोग नव्हता म्हणा, तो सरकारी नोकरांबद्दलच्या तक्रारींसाठी आहे, आणि निनावी तक्रार त्यातही चालत नाही.

शाखा_बदली
मला गोळी नाही घातली कोणी. फक्त बदली केली. एका सहकारी बँकेत होतो, सोनेतारण बघायचो. एक व्हॅल्युअर होता, त्याच्या पासिंगच्या बांगड्या बोटावर तोलल्या तरी शंका यायची, वरून सोनं आणि आत तांबं, पण त्याचा शिक्का असला की मॅनेजर डोळे मिटून सही करायचे. मी मुख्य कार्यालयाला लेखी कळवलं, नावानिशी. उत्तर काहीच नाही. महिन्याने ऑर्डर, प्रशासकीय कारणास्तव बदली, घरापासून इतक्या लांबच्या शाखेत की शनिवारीच घरी यायला मिळायचं. आई आजारी होती तेव्हा. कागदावर बघाल तर सगळं नियमात, पगार तोच, हुद्दा तोच. सूड घेतला असं कुठे सिद्ध करणार? नंतर ते प्रकरण बाहेर आलं, व्हॅल्युअर आत गेला, मला कोणी फोन पण केला नाही. मी राजीनामा दिला, आता विमा विकतो, बरं चाललंय.

म्हणून एचआरवाल्यांना एकच सांगणं, तक्रार करणाऱ्याची पुढची दोन वर्षं बघा. बदली, अप्रेझल, रजा नामंजूर, रात्रपाळी. जे काही त्याच्याबाबतीत होईल त्यावर त्याच्या साहेबाशिवाय दुसऱ्या कोणाची तरी सही असली पाहिजे.

तगरफूल
हे वाचून वाईट वाटलं. दोन वर्षं बघण्याचा मुद्दा लिहून घेतलाय. पण माझ्या केसमधे माणूसच माहीत नाही, मग बघू कोणाचं?

रात्रपाळी
ताई मी बोलू का. मी ठेकेदारातला, भोसरीला, फोनवरून टाईप करतोय चुका पोटात घ्या. तुमचं पत्र बहुतेक आमच्यासारख्यानेच लिहिलं असणार कारण काट्यावर माणसं बसवतात ती आमच्यातलीच असतात, बस म्हटलं की बसायचं. पर्मनंट माणसाला निदान चार्जशीट देतात, आम्हाला ठेकेदार गेटवरच सांगतो उद्यापासून येऊ नको, कार्ड परत घेतो, झालं. कंपनी म्हणणार तो आमचा माणूसच नाही. आमच्याकडे तक्रार पेटी आहे पण बरोबर एचआरच्या दारासमोर आणि वर कॅमेरा. त्यात दिवाळीला कोणीतरी गुटख्याची पुडी टाकली होती तेवढीच निघाली. पोस्टाने पत्र टाकायला पण त्याला गावात जाऊन पाकीट घ्यावं लागलं असेल. आणि त्या चार माणसांना आता बोलावून विचारू नका, चौघं पण जातील कामावरून आणि मोठा साहेब तिथेच राहील.

काळा_कोट
रात्रपाळी यांचा प्रतिसाद एमडींना प्रिंट काढून द्या.

नेकारकाठी
मी श्टुटगार्टजवळ असते, गाड्यांच्या पार्ट्सच्याच कंपनीत, क्वालिटीला. इथे जुलै २०२३ पासून कायदा आहे, युरोपियन युनियनच्या २०१९ च्या निर्देशावरून केलेला (आणि तो करायला पण इथल्या सरकारने भरपूर उशीर केला, आपल्यालाच नावं ठेवायला नको). ५० किंवा जास्त माणसं असली की आत तक्रार घेणारी जागा हवीच. तक्रार आली की ७ दिवसांत पोच द्यायची आणि साधारण ३ महिन्यांत काय केलं ते कळवायचं. तक्रारीनंतर त्या माणसाच्या नोकरीत काही वाईट घडलं, तर ते तक्रारीमुळे नाही हे कंपनीने सिद्ध करायचं, माणसाने नाही. शाखा_बदली यांना हे असतं तर वेगळं झालं असतं.

तगरफूल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, माणूस माहीत नसताना बोलायचं कसं. आमच्याकडे बाहेरच्या वकिलांकडे एक पोर्टल आहे. तक्रार टाकली की नंबर आणि पासवर्ड मिळतो, नाव न देता. मग वकील त्यातच विचारतात की हा फोटो कुठला, अजून काही कागद आहे का, आणि तो माणूस परत येऊन उत्तर देतो. निनावी पण संवाद चालू. तुमच्याकडे वहीच्या कागदावर हे जमणार नाही, पण बाहेरच्या कोणाचा तरी मोबाईल नंबर नोटीस बोर्डावर लावता येईलच की. अजून एक, तुमचा माल जर्मनीत मोठ्या गिऱ्हाईकाकडे जात असेल तर त्यांच्या सप्लाय चेनच्या कायद्यामुळे त्यांची तक्रार लाइन तुमच्या कामगारांनाही खुली असते, मजुरी, सेफ्टी असल्या गोष्टींसाठी. भंगारचोरीसाठी नाही. पण एमडींना हे माहीत असलेलं बरं.

टण्याभाऊ
जर्मनीत सगळंच छान असतं, तिकडे भंगारवाले पण शिस्तीत चोरी करत असतील. आपल्याकडे बक्षीस ठेवा, मग बघा कसे पुढे येतात. अमेरिकेत रॅनबॅक्सी या औषध कंपनीच्या केसमधे, तिची खबर देणाऱ्या दिनेश ठाकूर यांना किती मिळाले माहितीये ना.

जुना_ऑडिटर
मिळाले, ४ कोटी ८० लाख डॉलरच्या वर. पण कधी? २००५ ला कंपनी सोडली आणि तडजोड झाली मे २०१३ ला, कंपनीने ५० कोटी डॉलर भरले तेव्हा. आणि मूळ गोष्ट काय होती? औषधांच्या चाचण्यांचे आकडे बनावट आहेत हे त्यांच्या टीमने आधी कंपनीच्या आतच, वरच्यांपुढे ठेवलं होतं. तेव्हाच ऐकलं असतं तर ते अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे गेलेच नसते. बाहेर जाणारा माणूस आधी बहुतेक वेळा आत येऊन गेलेला असतो. आपल्याकडे बक्षीस सेबीचं आहे, इनसायडर ट्रेडिंगची खबर देणाऱ्याला, वसुलीच्या १० टक्के, कमाल १० कोटी. काट्यावरच्या पोराला त्याचा काय उपयोग?

मोडीत_शेअर
मोठ्या कंपन्यांत तरी काय वेगळं होतं, बघा. आयसीआयसीआय बँक, २०१८. तक्रार २०१६ पासून फिरत होती, एका भागधारकाने लिहिलेली, बँकेने दिलेलं कर्ज आणि तेव्हाच्या एमडी चंदा कोचर यांच्या पतीच्या धंद्याचे संबंध याबद्दल. मार्च २०१८ मधे बोर्डाने जाहीर केलं की आमचा एमडींवर पूर्ण विश्वास आहे. मग दबाव वाढला, न्यायमूर्ती श्रीकृष्णांची चौकशी लागली, आणि जानेवारी २०१९ मधे त्याच बोर्डाने आचारसंहितेचा भंग झाला म्हणून त्यांची एक्झिट ‘टर्मिनेशन फॉर कॉज’ धरली. कोर्टकचेऱ्या पुढे चालूच राहिल्या, त्यात पडत नाही. माझा मुद्दा एवढाच की नीट चौकशी व्हायच्या आधी विश्वास जाहीर करायची घाई कशाला?

उलट इन्फोसिस, २०१९. सीईओंवर निनावी पत्र, स्वतःला ‘एथिकल एम्प्लॉईज’ म्हणवणाऱ्यांचं. शेअर एका दिवसात १६ टक्के आपटला, माझे पण पैसे गेले त्यात. पण अध्यक्ष नीलेकणींनी सीईओ आणि सीएफओंना चौकशीपासून लांब ठेवलं, ऑडिट कमिटीने बाहेरचे वकील आणि पीडब्ल्यूसी लावले, जानेवारी २०२० ला निकाल, आरोपांना पुरावा नाही. सीईओ टिकले, आणि चौकशीत त्यांचा हात नव्हता म्हणून तो निकाल लोकांनी मानला. आरोप खोटा असेल तर ज्याच्यावर झाला त्यालाच नीट चौकशीची जास्त गरज असते.

आणि मुंबईतलंच अजून एक, एनएसई या शेअर बाजाराचं को-लोकेशन (ब्रोकरांचे सर्व्हर बाजाराच्याच आवारात ठेवायची सोय). केन फाँग नावाने सेबीला पत्र गेलं, मनीलाइफ या नियतकालिकाने छापलं, तर एनएसईने १०० कोटींचा बदनामीचा दावा ठोकला. मुंबई हायकोर्टात सप्टेंबर २०१५ ला न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एनएसईलाच ५० लाखांचा भुर्दंड लावला, त्यातले ४७ लाख टाटा मेमोरियल आणि मसिना हॉस्पिटलला. माझ्या सगळ्यात आवडत्या निकालांपैकी एक.

झणझणीत_तर्री
मोडीत_शेअर यांच्या प्रतिसादाला +१. आयडीबद्दल सहानुभूती.

सुगरण_पेशवीण
थोडं अवांतर. पॉशची (लैंगिक छळाच्या तक्रारींची) समिती तर आहे ना प्रत्येक कंपनीत, दहा किंवा जास्त माणसं असली की? मग याच्यासाठी पण तीच वापरली तर?

काळा_कोट
नको. लैंगिक छळाची तक्रार आली तर ती त्या समितीकडेच जायला हवी, तिथे मुदती आणि अधिकार कायद्याने ठरलेले आहेत. भंगार, लाच, बनावट टेस्ट रिपोर्ट हे वेगळ्या दाराने. एकाच पेटीत दोन्ही आलं तरी उघडणाऱ्याने पहिल्या दिवशी वेगळं करायचं.

तगरफूल
धागा वर काढतेय. मधे बरेच आठवडे गेले, कारण सगळं लिहिण्यासारखं नव्हतं.

एमडींना कलम १७७ आणि कारोचं सांगितलं. पहिल्यांदा चिडले, मग सीएंना फोन लावला, मग गप्प झाले. अक्षर जुळवण्याचा विषय तिथेच संपला, मला अर्ज काढावे लागले नाहीत. नेमायचा संचालक कोण यावर अडलं, कारण सगळे संचालक घरचेच. शेवटी एमडींच्या आत्या, निवृत्त प्राध्यापिका आहेत, नावालाच संचालक होत्या, त्यांना नेमलं. बाई तीन तास बसल्या माझ्यासोबत आणि पहिला प्रश्न विचारला, ही पावतीवरची वेळ कोण टाकतं, मशीन की माणूस? मला सुचलं नव्हतं. माणूसच टाकत होता, काही पावत्यांवर गाडी आत यायच्या आधीच तिचं वजन झालं होतं!

गाडीच्या रिकाम्या वजनाचा तक्ता केला जुना_ऑडिटर यांनी सांगितला तसा. काही तारखांना साडेतीनशे-चारशे किलोचा फरक, आणि त्या प्रत्येक तारखेला काट्यावर एकच क्लार्क आणि गेटवर एकच सुपरवायझर. रेकॉर्डिंगमधे केबिनमधून उतरणारी माणसं दिसतात. पण ज्या मोठ्या साहेबांचं नाव पत्रात होतं त्यांचा सहभाग निघाला नाही. ते गेटपासच्या गठ्ठ्यावर न बघता सह्या करायचे, त्याबद्दल त्यांना लेखी समज दिलीये, पण पैशाशी संबंध नाही. बाहेरच्या सीएंनी तपासलं, आम्ही नाही. क्लार्क आणि सुपरवायझरवर रीतसर चार्जशीट, चौकशी चालू आहे म्हणून जास्त लिहीत नाही. त्या चार मुलांना बोलावलं नाही, गरजच पडली नाही.

शिरोली_फौंड्री
म्हंजे पत्र निम्मं खरं आणि निम्मं चूक.

जुना_ऑडिटर
निम्मं कसलं. त्याला गेटवरून जे दिसलं ते त्याने लिहिलं. सह्या साहेबांच्या होत्या, त्याला वाटलं साहेबच. आत काय चाललंय हे शोधणं त्याचं काम नव्हतं, तुमचं होतं. आणि समजा पहिल्याच दिवशी साहेबांचं नाव शॉपवर पसरलं असतं तर?

झणझणीत_तर्री
आत्याबाईंना मिशा नसूनही काम झालं म्हणायचं.

नेकारकाठी
पत्र लिहिणाऱ्याला कळवलंत का?

तगरफूल
कळवलं, नोटीस बोर्डावरून. आत्यांचाच आग्रह. मराठीत आणि हिंदीत, कारण ठेकेदाराची बरीच मुलं यूपी-बिहारची. भंगार विक्रीबाबत मिळालेल्या माहितीवर चौकशी झाली, त्यात तथ्य आढळलं, कारवाई चालू आहे, माहिती देणाऱ्याचे आभार, नाव शोधण्याचा प्रयत्न केलेला नाही आणि करणार नाही. खाली आत्यांचा मोबाईल नंबर. कोणाचंही नाव नाही. ठेकेदाराच्या करारात पण एक ओळ वाढवली, कोणाला काढायचं असेल तर कारण लेखी एचआरला कळवायचं. ठेकेदार कुरकुरला, सही केली.

पेटी कॅन्टीनच्या हात धुवायच्या जागेजवळ हलवली, तिथे कॅमेरा नाही, आणि किल्ली आत्यांकडे. पहिल्या आठवड्यात अकरा चिठ्ठ्या. नऊ कॅन्टीनच्या डाळीबद्दल.

रात्रपाळी
डाळीचं पण बघा ताई. डाळीचं केलं तर पुढची चिठ्ठी मोठी येते.

तगरफूल
उरलेल्या दोनमधली एक प्रेसच्या सेन्सरबद्दल आहे, प्रॉडक्शन वाढवायला तो बायपास करतात म्हणून. ती त्याच दिवशी मेंटेनन्सला न देता थेट आत्यांना दिली, मशीन दुपारीच बंद केलं. डाळीचा ठेकेदार बदलायला वेळ लागणार आहे.

शिरोली_फौंड्री
ताई ती नोटीस जशीच्या तशी मिळंल काय? आणि ते गाडीच्या वजनाचं तक्त्याचं पण. आमच्या कर्जाचा आकडा ५० कोटीच्या जवळपास पण नाही, पण काटा तर आमच्याकडं पण हाय.

तगरफूल
कंपनीचं नाव काढून व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. तक्ता एक्सेलमधे आहे, ईमेल द्या.